यादी रिकामी आहे काय?

हॅस्केल या १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या फलनप्रधान संगणकभाषेंत यादी दोनच प्रकारची असते : एक रिकामी, व दुसरी पहिला घटक आणि उरलेली यादी यांच्या जोडीनें झालेली. ती रिकामी आहे कीं नाहीं हें ठरविण्यास पुष्कळ विद्यार्थी ‘लेंग्थ’ या फलनानें सर्व घटक मोजवितात व येणारी संख्या शून्याशीं ताडून पाहतात. उत्तर बरोबर येतें. परंतु दहा लक्ष घटक असल्यास दहा लक्ष पावलें चालावीं लागतात, आणि एक, दोन, तीन अशी अनंत यादी असल्यास मोजणी कधींच संपत नाहीं! डबा रिकामा आहे काय हें पाहण्यास आंतील दाणे कोण मोजीत बसतो? ‘नल’ हें फलन पहिली जोडी आहे कीं नाहीं एवढेंच पाहून थांबतें. इतकेंही न पाहतां ‘हेड’नें पहिला घटक मागितला, व यादी रिकामी निघाली, तर चालती आज्ञावली तेथेंच बंद पडते.