शिराळ्यात कोळसा नाही, मग खाणीतल्या वायूशी आपलं काय?

प्रश्न : आमच्याकडे सगळा काळा पाषाण, कोळशाची खाण नाही. मग खाणीतून सुटणाऱ्या मिथेनचा आमच्याशी काय संबंध? – एक वाचक, शिराळा

उत्तर : संबंध विजेचा आहे आणि हवेचाही. कोयना जवळ असली तरी राज्याची वीज एकाच जाळ्यातून फिरते, आणि तिचा मोठा भाग कोळशावर बनतो. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र एकटंच 2,920 मेगावॅटचं आहे.

गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तो मुख्यतः मिथेनच. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या झाडोऱ्याचा कोळसा होताना तो तयार झाला आणि दाबाखाली कोळशाच्या बारीक छिद्रांत अडकून राहिला. थर फोडला की दाब उतरतो, वायू सुटतो. खोल थरांत तो सहसा जास्त असतो. म्हणून झरियाच्या खोल खाणींच्या मानानं चंद्रपूर-वणीकडच्या उथळ, उघड्या खाणींत कमी. पण उघड्या खाणीत सुटलेला वायू गोळा करणं जवळपास अशक्य.

हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की एका ठिणगीनं स्फोट होतो. पूर्वी खाणीत सेफ्टी लॅम्पची वात बारीक करून बघत; ज्योतीवर निळसर टोपी दिसली की वायू आहे. सव्वा टक्का मिथेन आढळला तर तिथली वीज तोडायची, असा नियम आहे. म्हणून मोठे पंखे लावून तो बाहेर फेकतात. माणसं वाचतात, वायू मात्र वातावरणात जातो.

तिथे एक टन मिथेन वीस वर्षांच्या हिशेबानं 80 टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. त्यापासून जमिनीलगत ओझोनही बनतो आणि पिकांचा उतारा घटतो.

भारतात मिथेनचा सर्वांत मोठा वाटा गुराढोरांचा नि भातखाचरांचा, हे खरं. शिराळ्यात दोन्ही आहेत. पण म्हैस आणि भात यांवर घरं चालतात. खाणीतला मिथेन अडवताना कुणाच्या ताटातलं काही कमी होत नाही. खणण्याआधी बोअर मारून तो काढता येतो, इंधन म्हणून विकता येतो. राणीगंजला कोळशाच्या थरांतला वायू 2007 पासून विकला जातो. काहीच जमलं नाही तर तो जाळून टाकणंही मोकळा सोडण्यापेक्षा बरं.

मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. आज अडवला तर आजच्या शाळकरी पोरांना तिशीच्या आत फरक जाणवेल. म्हणून खोल खाण मंजूर करतानाच वायू आधी काढण्याची अट हवी. विजेचं बिल भरणाऱ्या शिराळकरांनाही ती मागण्याचा हक्क आहे.