आधी शिकावे गुरूने

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शिरूर व दौंड हे दोन तालुके आहेत. शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे, तर दौंड भीमेच्या काठी. आषाढी वारीला निघालेली तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यात यवत व वरवंड येथे मुक्कामाला असते, तेव्हा टाळमृदंगाच्या गजराने सारा परिसर दुमदुमून जातो. या भागात गावोगावी भजनी मंडळे आहेत. पखवाज व पेटी वाजवणाऱ्या जाणकारांपाशी गावातील मुले हौसेने शिकायला बसतात.

परंतु सारीच मुले सारखी नसतात. कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचा हात दुबळा असतो, तर कोणाला एखादी गोष्ट समजण्यास अधिक वेळ लागतो. असे मूल शिकायला आले, म्हणजे गुरुजींपुढे पेच पडतो. ‘तू नुसता ऐकत बस,’ असे मायेने सांगून ते त्याला एका बाजूला बसवतात. यात दुष्टपणा नसतो. असते ते केवळ अज्ञान. पण ते मूल मात्र संगीताच्या आनंदाला मुकते. मग उणीव कोणाची? शिष्याची की गुरूची?

या प्रश्नाचे उत्तर दौंड तालुक्यातील केडगाव येथे सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी तेथे मुक्तिसदन उभारले. दुष्काळाने निराधार झालेल्या शेकडो मुली व स्त्रिया तेथे आश्रयास आल्या. त्यांत काही अंध होत्या. डोळस मुलींना शिकवण्याची रीत त्यांच्या उपयोगाची नव्हती. तेव्हा रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी स्वतः ब्रेल लिपी आत्मसात केली आणि मग ती त्या मुलींना शिकवली. आधी त्या विद्यार्थिनी झाल्या, मग शिक्षिका.

या लिपीचे जनक लुई ब्रेल हे स्वतः वादक होते. लहानपणीच दृष्टी गेलेले ब्रेल पॅरिसमधील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असत. १८२९ साली त्यांनी आपल्या लिपीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात उठावाच्या ठिपक्यांनी शब्द लिहिण्याची रीत होती, तशीच संगीत लिहिण्याचीही होती.

अंध मुलाला निदान कानांचा आधार असतो. ज्याला ऐकूच येत नाही, त्याने संगीत कसे शिकावे? स्कॉटलंडमधील एव्हलिन ग्लेनी या मुलीची श्रवणशक्ती आठव्या वर्षापासून कमी होत गेली व बाराव्या वर्षी ती जवळजवळ नाहीशी झाली. तरीही तिला तालवाद्ये शिकायची होती. तिचे शिक्षक रॉन फोर्ब्स यांनी तिला परत पाठवले नाही. ते नगाऱ्यासारखे मोठे वाद्य वाजवत आणि ती वर्गाच्या भिंतीला तळहात टेकून उभी राही. हळूहळू तिला उमगले, की खालचे स्वर पायांत जाणवतात व वरचे स्वर चेहरा, मान व छाती यांत. तीच मुलगी पुढे जगप्रसिद्ध वादक झाली आणि २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिक उद्घाटन सोहळ्यात तिने वादन केले.

असे गुरू घडवता येतात काय? होय. चेलोवादक जूलिएट अल्विन यांनी १९६८ साली लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात त्यासाठी शिक्षणक्रम सुरू केला. मुलाला आपल्या मार्गाने ओढून न नेता मुलाचा मार्ग शोधणे, हेच अशा शिक्षणाचे सार होय.

आपल्या गावच्या वादकालाही हे शिकता येईल. पेटीच्या काळ्या पट्ट्या दोन व तीन अशा गटांनी असतात. अंध मुलाच्या बोटांना हे गट ओळखू आले, की त्याला स्वर सापडतात. पखवाजाच्या खोडावर तळहात ठेवला, तर कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा कर्णबधिर मुलालाही जाणवतो. ज्याचा एकच हात चालतो, त्याच्या हाती चिपळी द्यावी. कर्कश आवाजाने जे मूल घाबरते, त्याच्यापुढे टाळ आधी अगदी हळू वाजवावा. जे मूल क्वचितच बोलते, त्याच्यासाठी ओळीचा शेवटचा शब्द न गाता थांबावे. पुष्कळ वेळ थांबावे लागेल. एखाद्या दिवशी तो शब्द त्याच्या ओठांवर येईल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने अशा मुलांना इतरांच्या बरोबरीने शिकण्याचा हक्क दिला आहे. परंतु कायदा दार उघडतो. हात धरून आत नेण्याचे काम माणसांनाच करावे लागते. ज्याला शिकवता येत नाही असे मूल क्वचितच असते. पुष्कळदा गुरूचेच शिकणे अपुरे राहिलेले असते.

स्वाध्याय

१. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी का आत्मसात केली?
२. एव्हलिनला स्वरांतील भेद कसा कळू लागला?
३. ‘कायदा दार उघडतो, हात धरून आत नेण्याचे काम माणसांनाच करावे लागते.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.