डिकॉय लावल्याशिवाय बोलू नये

१. रक्तद्रवात हात घातला की पहिली गाठ अल्ब्युमिन या प्रथिनाशी. मिलिलिटरमागे ३५ ते ५० मिलिग्रॅम! ज्याच्या शोधात आपण असतो ते इंटरल्युकिन-६ निरोगी माणसात जेमतेम काही पिकोग्रॅम. दोघांमध्ये अब्जावधी पटींचं अंतर. लघवीत हाच दांडगावा युरोमोड्युलिन करतं.

२. प्रथिनांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइडं, मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये मोजली की सॉफ्टवेअर प्रत्येक स्पेक्ट्रमला काही ना काही पेप्टाइडचं नाव चिकटवतंच. 'माहीत नाही' म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणून नुसत्या स्कोअरवर भाळू नये. शोधयादीत अमिनो आम्लांच्या खऱ्या क्रमांइतकेच खोटे क्रमही, म्हणजे डिकॉय, घालावेत. अल्ब्युमिनचा नेहमी दिसणारा तुकडा घ्या: एल-व्ही-एन-ई-व्ही-टी-ई-एफ-ए-के. शेवटचा 'के' जागेवर ठेवून बाकीचा उलटा केला की ए-एफ-ई-टी-व्ही-ई-एन-व्ही-एल-के. वजन तंतोतंत तेच, पण हा तुकडा आपण बनवलेला. असे ५० डिकॉय चाळणीतून निसटले आणि खऱ्या यादीतले ५,००० आले, तर त्या ५,००० मध्येही साधारण ५० भामटे आहेत असं धरायचं. म्हणजे १ टक्का. एलियास आणि गिगी यांनी २००७ मध्ये ही रीत नीट मांडली. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात प्रामाणिक हिशेब हाच.

३. स्पेक्ट्रमच्या पातळीवरचा १ टक्का प्रथिनांच्या यादीला लावू नये. खऱ्या जुळण्या त्याच त्या प्रथिनांवर ढीग करतात, खोट्या विखुरतात आणि प्रत्येक खोटी जुळणी नवं प्रथिन घेऊन येते. एकाच पेप्टाइडवर उभ्या असलेल्या 'शोधा'कडे मी संशयानेच बघते.

४. प्रथिनं कापायला वापरतो ते ट्रिप्सिन हे विकर लायसिन आणि आर्जिनिननंतर कापतं, त्यामुळे शक्यता आटोक्यात राहतात. लघवीतली पेप्टाइडं शरीरानेच कुठेही कापलेली असतात. शक्यता भरमसाट वाढतात, योगायोगाने जुळणारेही चांगला स्कोअर घेतात. जुना कटऑफ इथे चालत नाही. डिकॉयसकट सगळं पुन्हा मोजा.

५. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वजन एकच. इथे संख्याशास्त्राने हात टेकले.

६. केरॅटिन सापडलं तर आधी स्वतःच्या त्वचेकडे, केसांकडे बघा.

७. रुग्णांचे नमुने एका दिवशी, निरोग्यांचे दुसऱ्या दिवशी चालवले, तर फरक हमखास सापडतो. फक्त तो आजाराचाच असेल असं नाही. २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या रक्तचाचणीचा मोठा गाजावाजा झाला. बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा नमुने हाताळण्यातल्या फरकाचीच शंका पुढे आली. नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरलाय का, हे मी यंत्र सुरू होण्याआधी विचारते. नंतर कोणी कितीही गणित केलं तरी ती गुंतागुंत सुटत नाही.