आधी भाग हातात, मग बोर्ड पडद्यावर

गोंदियात बसून सर्किट बोर्ड काढायचा म्हटलं तर सॉफ्टवेअरची अडचण नाही. कीकॅड फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. जाँ-पिएर शारास या फ्रेंच माणसाने १९९२ साली ते सुरू केलं, २०१३ पासून सर्न या अणुसंशोधन संस्थेने त्यात हातभार लावला. अडचण सुट्या भागांची आहे. एखादा भाग बोर्डावर बसला नाही, तर दुसऱ्यासाठी नागपूरला सीताबर्डी गाठा, नाहीतर कुरिअरची वाट पाहा. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. म्हणून पडद्यावरची एका मिलिमीटरची गफलत इथे आठवडा खाते.

माझा पहिला बोर्ड छतावरची टाकी भरली की बझर वाजवण्यासाठी होता. तीन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, तीन एलईडी, थोडे रेझिस्टर, एक बझर, १२ व्होल्टचा अॅडॅप्टर. ब्रेडबोर्डवर सगळं नीट चाललेलं. डीआरसी, म्हणजे नियमांची तपासणी, एकही चूक दाखवत नव्हती. बोर्ड छापून आले, दिसायला देखणे, पण बझर बसेना. लायब्ररीतल्या फूटप्रिंटमध्ये, म्हणजे भागाच्या पायांसाठी आखलेल्या छिद्रांच्या नकाशात, दोन पायांतलं अंतर ७.६ मिलिमीटर, दुकानातून आणलेल्या बझरचं ६.५. बाहेरून दोन्ही १२ मिलिमीटरचेच गोल डबे! पाय वाकवून ते कसंबसं निभावलं.

मग एलईडी लागेनात. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन३९०४ मध्ये तो नेमका उलटा. बोर्डावर घेतलेलं चिन्ह उलट्या क्रमाचं होतं. बेस दोन्हींत मधोमध असल्याने ट्रान्झिस्टर फिरवून लावले आणि काम झालं. रिलेसारखा भाग असता, तर बोर्ड फेकावाच लागला असता.

डीआरसी तांब्याच्या रेषांमधलं अंतर आणि सुटलेल्या जोडण्या पाहते. तुमच्या डब्यातला बझर तिला दिसत नाही. तो पाहणं आपलं काम. त्यासाठी पुढचा क्रम पाळा.

पहिलं, भाग आधी विकत घ्या. पायांतलं अंतर आणि पायांची जाडी व्हर्नियरने मोजा, मगच फूटप्रिंट निवडा. क्वार्टर वॅट रेझिस्टरचा पाय साधारण ०.६ मिलिमीटर असतो, १एन४००७ डायोडचा ०.८. छिद्र पायापेक्षा निदान ०.२ ने मोठं ठेवा. ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रम त्याच भागाच्या डेटाशीटवरून पडताळा.

दुसरं, बोर्डाचा आराखडा कागदावर मूळ मापात छापा. प्रिंटरची ‘पानात बसवा’ ही सोय बंद करा आणि छापलेली कड पट्टीने मोजा. तो कागद थर्माकोलवर ठेवून प्रत्येक भागाचे पाय त्यातून टोचून पाहा. बझरची भानगड इथेच, एका कागदाच्या खर्चात कळते.

तिसरं, रेषा जाड घ्या. सॉफ्टवेअर आपणहून देतं ती रेष पाव मिलिमीटरच्या आसपास असते. हाताने सोल्डरिंग शिकणाऱ्याने ०.८ ते १ मिलिमीटर घ्यावी, पॅडही मोठे ठेवावेत. अधिक-उणे, एलईडीची दिशा, रेझिस्टरची किंमत बोर्डावरच छापून घ्या.

चौथं, कारखान्याला पाठवण्यापूर्वी जर्बर फाइली, म्हणजे बोर्डाच्या थरांचे आराखडे, व्ह्यूअरमध्ये उघडून बघा. बोर्डाची कड आहे का? छिद्रांची ड्रिल फाइल सोबत आहे का? घरीच इस्त्रीने टोनर उतरवणार असाल, तर खालचा थर उलटा न करता जसा दिसतो तसाच छापा, कारण उतरवताना तो आपोआप उलटतो. फेरिक क्लोराइड धातूच्या भांड्यात घेऊ नका आणि उरलेलं नालीत ओतू नका.

शिकण्यासाठी लांब जायला नको. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने कीकॅड आणि सर्किट चालवून दाखवणारं एनजीस्पाइस जोडून ईसिम तयार केलं आहे. त्यात सर्किट काढून, चालवून बघून मग बोर्डाकडे जाता येतं. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये कीकॅड आणि ईसिम दोन्हींचे धडे आहेत.

आपल्या धानपट्ट्यात अशा बोर्डाची पहिली मागणी हमखास मोटरपंपासाठी येते. शेतातली लाइन रात्री आली, तर पंप घरून सुरू व्हावा, असं कोणालाही वाटेल. पण पहिल्या बोर्डावर २३० व्होल्ट आणू नका, थ्री फेज स्टार्टरच्या तर जवळही जाऊ नका. तिथे रेषांमधलं अंतर चुकलं, तर बोर्ड नाही, माणूस जातो. आधी १२ व्होल्टचे दोन-चार बोर्ड नीट चालवून दाखवा. पंपाचं काम जाणत्या वायरमनला सोबत घेऊनच हाती घ्या.