वाढत्या मुलांची भूक : घरातील पहिला हक्क



ज्या घरात बारा ते अठरा वर्षांची तीन-चार मुले एकाच वेळी वाढत असतात, त्या घरातील मातेची चिंता शब्दांत सांगणे कठीण आहे. सकाळी पोटभर न्याहारी करून गेलेला मुलगा शाळेतून येताच पातेल्यांची झाकणे उचलून पाहतो. रात्रीचे जेवण होऊन तास होत नाही, तोच धाकटी मुलगी भाकरीची टोपली चाचपते. मिळकत मात्र तेवढीच असते आणि महिन्याच्या विसाव्या तारखेलाच पिठाचा डबा तळ दाखवू लागतो. मग वैतागून तोंडातून शब्द निघतात : "किती खाशील! इतके खाणे म्हणजे इस्राफ आहे." काही घरांत तर मुलांना पोटाचे तीन भाग करण्याची हदीसही ऐकवली जाते.

अनेक माता हाच प्रश्न घेऊन येतात : वाढत्या मुलाचे पुन्हा पुन्हा मागणे ही हाव समजावी काय, आणि त्याला आवरणे हे दीनी संस्कार ठरते काय? या प्रश्नाचे उत्तर शांतपणे समजून घेणे आवश्यक आहे, कारण येथे मुलांचे शरीरही पणाला लागलेले असते आणि दीनविषयी त्यांच्या मनात घडणारी प्रतिमाही.

ती हदीस काय सांगते?

हजरत मिकदाम (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस तिर्मिजीत आहे. पोट गच्च भरण्याची सवय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नापसंत केली. पाठीचा कणा ताठ राहील इतके घास माणसाला पुरेसे आहेत, असे त्यांनी सांगितले. आणि त्याहून अधिक खायचेच असेल तर अन्न, पाणी आणि श्वास यांसाठी तीन वाटे करावेत, अशी मर्यादा घालून दिली. आपण बहुधा तीन वाटे लक्षात ठेवतो आणि त्याआधी सांगितलेले मूळ माप विसरतो. शरीर उभे राहावे, हे ते माप होय. ज्याचा कणा अजून वाढतोच आहे, त्याला उभे राहण्यासाठी लागणारे घास चाळिशीतील माणसाच्या घासांइतकेच कसे असतील?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली ऊर्जेच्या गरजेची जी परिमाणे दिली, ती येथे उद्बोधक आहेत. मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे 2700 किलोकॅलरी लागतात. 16 ते 18 वर्षांच्या मुलाला सुमारे 3300 लागतात. मध्यम श्रम करणाऱ्या स्त्रीची गरज सुमारे 2100 आहे. 13 ते 15 वर्षांच्या मुलीची 2400 आहे. म्हणजे वाढत्या वयातील मुलगा बापापेक्षा अधिक आणि मुलगी आईपेक्षा अधिक खात असेल, तर तो निर्मात्याने त्या वयाला लावून दिलेला नियमच होय.

इस्राफ म्हणजे मर्यादा ओलांडणे. सूरह अल्-आराफच्या 31व्या आयतीत खाण्यापिण्याची आज्ञा आधी आहे आणि इस्राफची मनाई नंतर. गरजेपुरती चौथी भाकरी इस्राफ नाही. ताटात टाकून दिलेली अर्धी भाकरी, नासून फेकलेला भात आणि दाखवण्यासाठी मांडलेली दावत हा इस्राफ आहे.

लहान मुलाला प्रेषितांनी (स.) काय शिकवले?

हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) हे लहानपणी प्रेषितांच्या (स.) छायेत वाढले. जेवताना त्यांचा हात ताटात सर्वत्र फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्यांना तीन गोष्टी सांगितल्या : अल्लाहचे नाव घ्यावे, उजव्या हाताने खावे आणि आपल्यासमोरचे खावे. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. या शिकवणीत कमी खाण्याची सूचना नाही, हे ध्यानात घ्यावे. भुकेल्या मुलाचे आचरण त्यांनी सुधारले. त्याच्या भुकेला दोष दिला नाही. आपणही हाच क्रम ठेवावा. मुलाला बिस्मिल्लाह शिकवावी, वाढून घेतलेले संपवण्याची शिस्त लावावी, अन्नाला नावे ठेवू नयेत हे सांगावे. मात्र तो खातो किती, यावरून त्याला कधीही हिणवू नये. भुकेची लाज वाटू लागलेले मूल मागणे सोडते आणि लपवून खाणे शिकते.

नफका : उपकार नसून कर्तव्य

सूरह अल्-बकराच्या 233व्या आयतीत दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली आहे. सूरह अत्-तलाकच्या सातव्या आयतीत ऐपतदाराने ऐपतीप्रमाणे आणि ज्याची रोजी मोजकी आहे त्याने अल्लाहने दिलेल्यातून खर्च करावा, अशी आज्ञा आहे. यातून दोन गोष्टी निघतात. गरीब पित्याला श्रीमंताच्या दस्तरखानाचा जाब विचारला जाणार नाही. परंतु जे त्याच्या हातात आले, त्यातून मुलांचा वाटा आधी निघाला की नाही, हे अवश्य विचारले जाईल.

सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये अल्लाहच्या मार्गात, गुलामाच्या मुक्तीसाठी, गरिबासाठी आणि स्वतःच्या कुटुंबासाठी खर्च केलेल्या दीनारांचा उल्लेख आहे, आणि त्यांत सर्वाधिक पुण्य कुटुंबावर खर्च केलेल्या दीनाराचे सांगितले आहे. ज्यांचे अन्न आपल्यावर अवलंबून आहे त्यांचे अन्न अडवून ठेवणे हे माणसाला पापी ठरवण्यास पुरेसे आहे, असेही प्रेषितांनी (स.) बजावले आहे.

येथे एक शंका येऊ शकते. एका अन्सारी सहाबींनी मुलांना उपाशी झोपवून पाहुण्याला जेवू घातले, ही घटना आपण प्रवचनांतून ऐकतो. मग मुलांपेक्षा पाहुणा मोठा ठरला नाही काय? इमाम नववी (रह.) यांनी सहीह मुस्लिमच्या भाष्यात याचे उत्तर दिले आहे. ती मुले अपाय होईल इतकी भुकेली नव्हती. मुले सवयीने मागतात तशी मागत होती. त्यांना खरी गरज असती, तर त्यांना जेवू घालणे वाजिब ठरले असते आणि ते पाहुणचाराच्या आधी करावे लागले असते. ज्या घरात मुले अर्धपोटी आहेत आणि लग्नाच्या आहेरासाठी कर्ज काढले जाते, त्या घराने हे भाष्य पुन्हा पुन्हा वाचावे. रोज तीस रुपयांची तंबाखू किंवा सिगारेट ओढणाऱ्या पित्याने महिन्याच्या नऊशे रुपयांचा हिशेब स्वतःच करावा. ते पैसे कोणाच्या ताटातून गेले, हे त्याला कोणी वेगळे सांगण्याची गरज नाही.

गरिबीच्या भीतीविषयी कुरआनची शैलीही पाहण्यासारखी आहे. सूरह अल्-अनआमच्या 151व्या आयतीत प्रत्यक्ष आलेल्या दारिद्र्याचा प्रसंग आहे. तेथे रोजी देण्याचे वचन आधी मातापित्यांना आणि मग मुलांना दिले आहे. सूरह बनी इस्राईलच्या 31व्या आयतीत पुढे येणाऱ्या दारिद्र्याची भीती आहे. तेथे मुलांचा उल्लेख आधी आला आहे. जे मूल आपल्याला ओझे वाटते, त्याच्या नावाची रोजी अल्लाहने स्वतंत्र ठेवली आहे, हे भाष्यकारांनी या क्रमातून उलगडले आहे.

आईचे ताट

हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे एक गरीब स्त्री दोन मुलींना घेऊन आली. त्यांनी तिला तीन खजुरा दिल्या. तिने एकेक खजूर मुलींना दिली आणि तिसरी स्वतःच्या तोंडाकडे नेली. तोच मुलींनी तीही मागितली. तिने ती दोघींत वाटून टाकली. प्रेषितांनी (स.) तिला जन्नतची शुभवार्ता दिली. ही हदीस ऐकून डोळे पाणावतात, आणि पाणावलेच पाहिजेत. परंतु ती ऐकून घरातील पुरुष निश्चिंत होत असेल, तर ते योग्य नाही. ती एका निराधार प्रसंगातील ममता होती. रोज सर्वांच्या नंतर जेवून, पातेल्याला लागलेले खरवडून आईने दिवस काढावा, अशी व्यवस्था दीनने लावलेली नाही. उपरोक्त 233व्या आयतीतच मुलामुळे मातेला हानी पोहोचू नये, असे स्पष्ट आले आहे.

हजरत हिंद बिन्ते उतबा (रजि.) यांनी तक्रार केली की, पती हात आखडता घेतात आणि मुलांना पुरेल इतके देत नाहीत. प्रेषितांनी (स.) त्यांना स्वतःला व मुलांना पुरेल इतके, रीतीला धरून, पतीच्या संपत्तीतून घेण्याची मुभा दिली. ऐपत असून पती देत नसेल, तर मुलांच्या भाकरीसाठी मातेने लाचार होण्याचे कारण नाही.

मुलगा आणि मुलगी यांच्या ताटांबाबतही हाच न्याय आहे. मुलांमध्ये न्याय करावा, अशी प्रेषितांची (स.) आज्ञा आहे. भेटवस्तूंत समानता पाहावी. अन्नात गरज पाहावी. पंधरा वर्षांच्या मुलाला चार भाकऱ्या आणि सहा वर्षांच्या मुलाला एक, हा अन्याय नाही. अंडे मुलाला आणि रस्सा मुलीला, हा मात्र अन्याय आहे. मासिक पाळी सुरू झाल्यावर मुलीच्या शरीराला लोह अधिक लागते. तिच्या ताटात डाळ, पालेभाजी आणि वर पिळलेले लिंबू असावे, आणि जेवणासोबत चहा नसावा, कारण चहाने अन्नातील लोह अंगी लागण्यात अडथळा येतो.

मोजक्या पैशांत भरलेले ताट

पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी एकत्र साधाव्यात. केवळ भात किंवा केवळ चपाती खाल्लेले मूल लवकर भुकेजते. सोबत डाळ अथवा कडधान्य असले तर भूक अधिक काळ धरते. धान्य आणि डाळ यांची प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. शंभर ग्रॅम मसूर डाळीत सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यांतही जवळपास तेवढीच असतात, आणि एका अंड्यात सुमारे सहा. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते. वाढत्या हाडांसाठी नाचणीची भाकरी किंवा आंबील उत्तम. दुपारी शाळेतून आल्यावर बिस्किटांचा पुडा हाती देण्याऐवजी उकडलेले हरभरे, चवळी, फुटाणे किंवा शेंगदाणे-गूळ तयार ठेवावेत. कोकणातील घरांना सुकट आणि जवळा आहेच.

मटणाची ओढ मुलांना असते. ती दालचा आणि खिचडा यांनी भागते. पाव किलो मटण, भरपूर डाळ आणि दुधी घालून केलेला दालचा सर्व घराला पुरतो. हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) रस्सा शिजवताना पाणी वाढवावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी, असे सांगितले होते. एकत्र बसून खाण्याचीही बरकत आहे. खातो पण तृप्ती होत नाही, अशी तक्रार काही सहाबींनी केली, तेव्हा वेगवेगळे जेवू नका, एकत्र बसा आणि अल्लाहचे नाव घ्या, हा उपाय त्यांना सांगण्यात आला. एकत्र बसले की कोणाच्या ताटात कमी पडले, हेही दिसते.

शासनाकडून मिळणारे धान्य घेण्यात संकोच नसावा. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो, तर अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य देय आहे, आणि जानेवारी 2023पासून ते विनामूल्य आहे. ज्या मुलाचे नाव शिधापत्रिकेत नाही, त्याचे पाच किलो घरी येत नाहीत. म्हणून नावे चढवून घ्यावीत. शासकीय व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचे जेवण मिळते. त्याचे प्रमाण पाचवीपर्यंत 450 किलोकॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीसाठी 700 किलोकॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने असे ठरलेले आहे. मुलांनी ते आनंदाने खावे.

जेव्हा तरीही पुरत नाही

काही घरांत सर्व काटकसर करूनही पुरत नाही. तेव्हा प्रश्न त्या घराचा राहत नाही. तो मोहल्ल्याचा होतो. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात प्रथम दूध सुटलेल्या बालकांनाच वेतन मिळत असे. एका रात्री त्यांना एका तान्ह्याचे रडणे पुन्हा पुन्हा ऐकू आले. वेतन मिळावे म्हणून माता त्याचे दूध वेळेआधी तोडत होती. त्या पहाटे नमाज पढवताना त्यांना रडू आवरले नाही. त्यांनी नियम बदलला आणि जन्मलेल्या प्रत्येक बालकाला वेतन लावले. एका बालकाच्या भुकेसाठी खलिफाने आपलाच नियम मोडला, हे आपल्या मशिदींच्या व्यवस्थापकांनी स्मरावे. मशिदीच्या रंगरंगोटीसोबत मोहल्ल्यातील मुलांच्या शिध्याचाही हिशेब वहीत असावा.

जकातविषयी एक मसला लक्षात ठेवावा. स्वतःच्या मुलांना व नातवंडांना जकात देता येत नाही. त्यांचे पोषण हे आपले कर्तव्यच आहे. परंतु जकातीस पात्र असलेला गरजू भाऊ किंवा विवाहित बहीण यांना ती देता येते. हनफी आणि कोकणात प्रचलित असलेला शाफई, या दोन्ही मस्लकांत याला वाव आहे, आणि त्यात सदका आणि नाते जोडणे असे दुहेरी पुण्य आहे. भावाच्या घरी चार वाढती मुले असतील, तर जकातीचे पाकीट लांब पाठवण्याआधी त्याच्या पिठाच्या डब्याकडे पाहावे. देताना त्याच्या मुलांना कळणार नाही, अशा रीतीने द्यावे.

मूल पुन्हा टोपलीकडे हात नेईल, तेव्हा रागावण्याआधी एवढे मनात आणावे की, हे शरीर अल्लाहने आपल्या हाती अमानत म्हणून दिले आहे आणि ते वाढते आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो, मुलांना तृप्त आणि मातांना निश्चिंत ठेवो, आणि शेजाऱ्याच्या घरातील भूक ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.