शंखातले खेकडे आणि खानदेशचा उन्हाळा

प्रश्न : मुलीसाठी जमिनीवर राहणारे दोन हर्मिट खेकडे आणले आहेत. मे महिन्यात काय काळजी घ्यावी? – एक वाचक, जळगाव

उत्तर : उष्म्याइतकीच कोरड्या हवेची धास्ती बाळगा. हा खेकडा जमिनीवर राहतो, पण श्वास कल्ल्यांनीच घेतो. कल्ले वाळले की तो हळूहळू गुदमरतो. त्याला सुमारे ८० टक्के आर्द्रता लागते आणि जळगाव-धुळ्याची मे महिन्यातली दुपार तिच्या जवळपासही नसते. कूलर आहे ना, असे तुम्ही म्हणाल. पण तो बंद पडताच खोली पुन्हा कोरडी होते. म्हणून झाकणाची काचपेटी आणि आर्द्रतामापक घ्या, पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. तळाशी किमान सहा इंच ओलसर वाळू हवी, कारण कात टाकताना तो कित्येक आठवडे स्वतःला पुरून घेतो. मेला समजून उकरलात तर खरेच मरेल. गोड्या पाण्याशेजारी खारे पाणीही ठेवा, मात्र मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या सागरी मिठाचे; स्वयंपाकाच्या मिठात समुद्रातली बाकीची खनिजे नसतात. थोडे मोठे, न रंगवलेले रिकामे शंखही द्या. बंदिवासात यांची पैदास जवळजवळ होत नाही. विक्रीचे खेकडे किनाऱ्यावरूनच उचललेले असतात. या दोघांना नीट जपा, नवे आणू नका.