सावळी कांती आणि ऋतुपालट

प्रश्न : मी कुडपणची, वर्णाने सावळी. पाऊस सरल्यावर रेटिनॉलने गाल सोलून काळवंडले. काय करावे?

उत्तर : गाल शांत होईपर्यंत रेटिनॉल तहकूब ठेवावे, कारण सावळ्या त्वचेतील मेलॅनिन उन्हापासून काहीसे रक्षण करीत असले, तरी ते निर्माण करणाऱ्या पेशी दाह होताच अधिक रंगद्रव्य ओततात, आणि आग ओसरली तरी डाग महिनोन्‌महिने मुक्काम करतो. दमट हवेत सोसलेले प्रमाण आश्विनातील ऊन व पुढील कोरड्या थंडीत जाचक ठरते. पुन्हा आरंभ करताना ०.१ ते ०.३ टक्क्यांचे, मटाराच्या दाण्याएवढे, आठवड्यातून दोनदाच, रात्री, मॉइश्चरायझरवर लावावे. दिवसा एसपीएफ ३० चे सनस्क्रीन आणि डोक्यावर पदर हवाच. गरोदरपणी रेटिनॉल सर्वथा वर्ज्य. डाग घालविण्यासाठी स्टेरॉइडमिश्रित मलम मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, कृपा करून, घेऊ नका.